मुळशीतील मुले आणि पुणेकरांचे कर्तव्य

मूल खुरटले, वारंवार आजारी पडू लागले किंवा शाळेत मागे राहिले, म्हणजे त्याचे कारण शोधण्याची आमच्या समाजाची एक ठराविक रीत आहे. पूर्वी दृष्ट लागली असे म्हणत. हल्ली आई अडाणी आहे असे म्हणतात. दोन्ही उत्तरांत मोठीच सोय आहे. दृष्ट लागली म्हटले की मीठमोहऱ्या उतरून मोकळे होता येते, आणि आई अडाणी म्हटले की तिला चार उपदेशाचे शब्द सांगून मोकळे होता येते. ज्या घरी ते मूल जन्मले त्या घरी अन्न किती येते, पाणी किती दुरून आणावे लागते, आईला दिवसातून किती घटका बसावयास मिळते, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती पडतात आणि राहत्या झोपडीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न मग विचारावे लागत नाहीत. आज आम्ही तेच प्रश्न विचारणार आहो. आणि तेही एखाद्या दूरच्या मुलुखाविषयी नव्हे, तर पुण्याच्या वेशीला लागून असलेल्या मुळशी तालुक्याविषयी.

मुळशीचे नाव पुणेकरांस नवे नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि पुढे सेनापती बापट त्याचे प्राण झाले. मुंबईच्या गिरण्यांस व शहरास वीज मिळावी म्हणून सुमारे पन्नास गावांच्या भातखाचरांवर पाणी चढले. त्या लढ्याची पोवाड्यासारखी थोरवी गाताना एक गोष्ट आम्ही सोयीने विसरतो. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी त्यापूर्वीच पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या असल्यामुळे मोबदल्याचा बराचसा वाटा कसणाऱ्याच्या हाती न पडता सावकाराच्या तिजोरीत पडला. कुळे उठून डोंगरउतारावर गेली. ज्या घरातून जमीन जाते त्या घरातील ताटातून काय जाते, याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही. आम्हांस वाटते, तो हिशेब मुलांच्या हाडापेरांत मांडला जातो व तो पुढच्या पिढीसही फेडावा लागतो.

ही नुसती कल्पना नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, तो जगभर नावाजला गेला आहे. या खेड्यांत जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्पटन गावच्या मुलांचे ३.५ किलो भरले. ज्या आयांच्या आहारात हिरवी पालेभाजी, फळे व दूध अधिक होते त्यांची मुले जन्मतःच भरदार निघाली. आणि ज्या आयांना गरोदरपणातही शेतातील व घरातील कष्टाची कामे अधिक करावी लागली त्यांची मुले लहान निघाली. म्हणजे मुलाच्या प्रकृतीचा पहिला लेख, ते जन्मण्यापूर्वीच, आईच्या डोक्यावरील हंड्याने आणि पाठीवरील ओझ्याने लिहिला जातो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? याज्ञिकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ही मुले किरकोळ दिसली तरी त्यांच्या अंगात मांस कमी व चरबी अधिक असते, आणि पोटी असताना झालेली उपासमार पुढे प्रौढ वयात मधुमेहाच्या रूपाने उभी राहू शकते. तेव्हा गर्भारपणी न मिळालेल्या पालेभाजीच्या जुडीची किंमत पुढे चाळीस वर्षे औषधांच्या रूपाने भरावी लागते, हे आमच्या व्यापारी वाचकांस तरी निराळे समजावून सांगावयास नको.

आता मुळशीतील एका घराकडे पाहू. मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यांत कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणे हा ज्यांचा मूळचा धंदा, त्यांस जंगलाचे कायदे आले तसे जंगल पारखे झाले. कोळसा पाडण्याचे कामही पुढे सुटले. शेती बहुतेकांस कधी नव्हतीच. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती सरकारने विशेष दुर्बल म्हणून मानल्या आहेत त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. पुष्कळांच्या झोपडीखालची जागादेखील दुसऱ्याच्या नावावर असते. पावसाळ्यात भातलावणी व रानभाजी यांवर कसेबसे निभते. पावसाळा सरता सरता घरात दाणा उरत नाही, आणि नेमक्या त्या वेळी वीटभट्टीचा माणूस उचल घेऊन दारी येतो. उचल नवराबायकोच्या जोडीवर मिळते, पण ती मोजून घेतो नवरा. दिवाळी झाली की सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते ते वळिवाच्या सुमारास परत येते.

भट्टीवरचा दिवस पहाटेच्या काळोखात सुरू होतो. माती कालवावयाची, विटा पाडावयाच्या, वाळल्या की वाहावयाच्या. आठवड्याच्या खर्चीत तांदूळ, मीठ, मिरची, तेल बसते. डाळ क्वचित बसते. दुधाचे नाव नाही. आता या बिऱ्हाडात दीड वर्षाचे मूल आहे असे समजा. वैद्यकशास्त्र सांगते की सहा महिन्यांपर्यंत मुलास केवळ आईचे दूध द्यावे व पुढे त्याबरोबर मऊ, सकस अन्न दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे भरवावे. कारण लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते, ते मोठ्या माणसाप्रमाणे दोन वेळ भरून चालत नाही. परंतु भरवावयाचे कोणी? आईचे हात चिखलात आहेत आणि तिने हात थांबविले की विटांचा आकडा थांबतो व उचल फिटत नाही. मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर आहे. तिला जमेल तेव्हा ती त्यास गार भाताचा घास देते. त्यास जुलाब लागतात, कारण भट्टीच्या खड्ड्यातील पाणीच पिण्यास आहे. जुलाबाने वजन उतरते. वजन उतरले की पुढचा आजार लवकर जडतो. असे दोन-तीन फेरे झाले की मूल जे खुरटते ते खुरटतेच. आणि ज्या बहिणीने त्यास वागविले तिची शाळा त्याच हंगामात सुटते. एका घरातील दोन मुले एका उचलीत अशी बुडतात. मग आम्ही म्हणतो, आई अडाणी आहे! आमचे म्हणणे असे की, कोणत्याही पदवीधर आईस त्या भट्टीवर त्या खर्चीवर एक हंगाम काढावयास लावा, आणि तिचे ज्ञान तिच्या मुलाच्या वजनात किती उतरते ते पाहा.

ही गोष्ट एका जमातीपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांत ४६ मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये ती ३४ वर आली, हे निःसंशय मोठे यश होय. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ३५ झाला. म्हणजे गाडी जेथे होती तेथेच अडली. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या शंभर मुलांत ६९ मुलांच्या अंगी रक्त कमी आढळले. मधल्या यशाचे कारण शोधणाऱ्यांस कोणते एकच रामबाण औषध सापडले नाही. मुलींची लग्ने थोडी उशिरा होणे, त्यांचे शिक्षण, दवाखान्यातील बाळंतपण, शौचकूप, घरातील मिळकत, या साऱ्यांचा थोडथोडा हातभार त्यास लागला होता. यावरून बोध घ्यावयाचा तो हाच की, मुलाची प्रकृती घराच्या साऱ्या परिस्थितीबरोबर वर येते व तिच्याचबरोबर खाली जाते.

लग्नाच्या वयाचा विषय निघाला आहे तेव्हा एक शब्द बोलणे प्राप्त आहे. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करावयाची तर या पुण्यात केवढे वादळ उठले आणि 'सुधारका'च्या आगरकरांस काय काय ऐकावे लागले, हे वाचकांस ठाऊक आहे. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. असे असूनही २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे बावीस स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. यास रूढी कारण आहे खरी. तथापि भट्टीवरच्या बापास विचारा. वयात आलेली मुलगी उघड्या झोपडीत कोणाच्या भरवशावर ठेवू, असे तो विचारील. मुलगी उजविली की तीही एका जोडीत धरली जाते, तिच्यावर उचल मिळते, आणि सोळा-सतराव्या वर्षी तिला मूल होते. ज्या शरीराची वाढ अजून पुरी व्हावयाची आहे, त्यातच दुसऱ्या शरीराने आपला वाटा मागावयाचा! कायदा पुस्तकात अठरा म्हणतो. झोपडीस कडी नाही तोवर तो झोपडीत शिरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हे लोक दारू पितात, मिळाले ते उडवितात, त्यास कोण काय करणार? दारूची वकिली आम्ही करीत नाही. ज्या घरी दारू शिरली त्या घरातील मूल दुहेरी उपाशी राहते, अन्नाने उपाशी आणि मायेने उपाशी; रात्रीच्या भांडणाने भेदरलेल्या मुलाच्या वाढीवर व बुद्धीवर त्या भीतीचाही परिणाम होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. परंतु आमचा साधा प्रश्न असा की, उचल दोघांच्या श्रमावर दिली जाते, तर ती एकट्या पुरुषाच्या हाती का दिली जाते? बाईच्या श्रमाची मजुरी बाईच्या हाती, तिच्या खात्यावर, दर आठवड्यास पडू द्या, आणि मग कोणत्या घरी डाळ शिजते ते पाहा. उचलीने माणूस बांधून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविले आहे, याचेही स्मरण मालकवर्गास करून देणे अस्थानी होणार नाही.

दुसरे कोणी म्हणेल की, सरकारने अंगणवाड्या काढल्या आहेत, शिधा मिळतो, आणखी काय पाहिजे? २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू असलेली एकात्मिक बालविकास योजना ही या देशाने केलेल्या उत्तम कामांपैकी एक आहे, आणि अंगणवाडीताई अल्प मानधनावर जे काम करिते त्यापुढे आम्ही हात जोडतो. परंतु अंगणवाडी गावात आहे व मूल भट्टीवर आहे. गावच्या वहीत त्याचे नाव आहे, तेथे ते नाही. भट्टीजवळच्या गावी ते आहे, तेथील वहीत त्याचे नाव नाही. अशा रीतीने वजन, लस व खाऊ ही तिन्ही नेमक्या त्याच सहा महिन्यांत चुकतात, ज्या सहा महिन्यांत त्यांची गरज सर्वांत अधिक असते. शिवाय पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र हे आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या काही भागांपुरते आहे. मुळशी त्यात नाही. त्यामुळे त्या क्षेत्रासाठी म्हणून जे जे आखले जाते ते मुळशीच्या कातकऱ्याच्या दारापर्यंत येत नाही, जरी त्याचे दारिद्र्य सीमेपलीकडच्या माणसाहून तसूभरही कमी नसले तरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा दुर्बल जमातींकरिता केंद्राने जी जनमन योजना जाहीर केली, तीत कातकरी मोडतात हे बरे झाले. आता ती वाडीवर उतरते की कागदावर राहते, यावर लोकांनी डोळा ठेविला पाहिजे.

येथवर आम्ही गरिबाच्या घराविषयी बोललो. परंतु परिस्थिती म्हणजे केवळ दारिद्र्य असे मानणे चुकीचे होईल. मुळशीच्या पूर्व अंगास हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत संगणकाच्या कारखान्यांची नगरी वसली, आणि जी खाचरे पिढ्यान्‌पिढ्या आंबेमोहोर पिकवीत होती ती एका सहीत विकली गेली. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने, जमीन विकून बसलेल्या घरातील तरुण पोराचे पुढे काय होते ते जगास दाखविले. आलेला पैसा गाडीत व बंगल्यात गेला. बापास काम उरले नाही, पोरास वळण उरले नाही. अशा घरात मूल उपाशी नसते, पण नाचणीची भाकर व ताकाच्या जागी बिस्किटांचा पुडा येतो, आणि आजीच्या गोष्टीच्या जागी हाती यंत्र येते. ज्या मुलांचा पिंड जन्मतः किरकोळ, त्यांस पुढे असा आहार मिळाला म्हणजे मधुमेहास आमंत्रण मिळते, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा जमीन गेलेल्या घराची दोन टोके आहेत. एका टोकास मूल वाळते, दुसऱ्या टोकास फुगते, आणि दोन्हींची वाढ चुकते.

तिसरे घर आमच्या बऱ्याच वाचकांचे स्वतःचेच असेल. नवराबायको दोघेही नोकरीस, आजीआजोबा दूरच्या गावी, आणि मूल एका बाईच्या स्वाधीन. यात आम्ही दोष पाहत नाही. स्त्रीने मिळविते व्हावे ही आमची जुनीच मागणी आहे. परंतु जिच्या हाती आपण आपले मूल सोपवितो तिचे मूल त्या वेळी कोणाच्या हाती असते, असे आपण तिला कधी विचारले आहे काय? आणि ज्या इमारतीत आपण राहतो तिच्या विटा ज्या बाईने पाडल्या व ज्या बाईने माळ्यावर चढविल्या, त्यांची मुले त्या वेळी कोठे निजली होती? मुळशीतील ही तीन घरे निराळी दिसतात, पण एकाचा पाया दुसऱ्याच्या भिंतीत गेलेला आहे.

उपाय नाहीत असे नाही. पुष्कळसे या महाराष्ट्रातच करून पाहिलेले आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर, मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच्या भोंग्यातच शाळा भरविल्या. बांधकामाच्या जागी पाळणाघर चालविण्याचा प्रयोग दिल्लीस मीरा महादेवन यांनी १९६९ साली आरंभिला आणि तो मुंबई-पुण्यापर्यंत आला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील साध्या स्त्रियांस शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठविले, तेव्हा नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या जगाने तिची दखल घेतली. तिकडे जमैका बेटावर खुजट मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाऊन, घरच्याच वस्तूंची खेळणी करून, आईस मुलाशी खेळावयास व बोलावयास दाखवीत. दोन वर्षांच्या या भेटींनी त्या मुलांची बुद्धी वाढलीच, परंतु वीस वर्षांनी ती मुले आपल्या जोडीच्या, तशाच खुजट परंतु भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा पाव पटीने अधिक मिळवू लागलेली आढळली. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. मदत घरापर्यंत चालत गेली, आणि तिने आईचा भार वाढविला नाही, हलका केला.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. पहिली ही की, पाळणाघराशिवाय भट्टी नाही व पाळणाघराशिवाय इमारत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर ठेविण्यास सांगितले होते. तो कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला, तरी पाळणाघराचे तत्त्व तीतही राखलेले आहे. परंतु भट्टीवर पन्नास माणसे एका ठिकाणी क्वचित भरतात, आणि इमारतीवरही पोटठेकेदारांत वाटणी करून हा आकडा टाळता येतो. यास्तव चार-पाच भट्ट्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावे, आणि जिल्हा परिषदेने तेथे अंगणवाडीताई व शिधा द्यावा. दुसरी मागणी ही की, मुलाची नोंद गावास न चिकटता मुलाबरोबर हिंडावी. हंगामाच्या आरंभी पौडच्या तालुका कचेरीतून प्रत्येक बिऱ्हाड कोणत्या गावी गेले ते पुढच्या गावास कळवावे. तिसरी, बाईची मजुरी बाईच्या हाती पडावी. चौथी, वाडीखालची जागा वाडीतील माणसांच्या नावे व्हावी. कारण उद्या हुसकले जाण्याचे भय असलेल्या दारी कोणी शेवगा लावीत नाही, आणि कोणी मोरी बांधीत नाही.

सरकारने काय करावे ते आम्ही सांगितले. पण सरकारच्या नावाने बोटे मोडून आमचे काम संपत नाही. घर बांधणारे ठेकेदार, विटांचा व्यापार करणारे आडते, आणि आयुष्याची पुंजी घालून घर विकत घेणारे गृहस्थ हे सारे आमच्या वाचकांत आहेत. घर घेताना आपण फरशी कोणती, नळ कोणते, वाहन ठेवावयास जागा किती, हे बारकाईने विचारतो. आणखी एक प्रश्न विचारावा: या कामावरच्या मुलांची सोय कोठे केली आहे? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर ठेकेदार हसेल. शंभरांनी विचारले तर तो पाळणा बांधील. एका पाळणाघराचा खर्च विटेमागे किती पडतो, याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनीच मांडावा. तो त्यांस जड वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या जमिनीचा मोबदला घेताना पुण्याने कसणाऱ्याच्या घरात डोकावून पाहिले नाही. आज त्याच मुळशीत आम्ही घरे बांधीत आहो. या दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा पेटतील, बिऱ्हाडे पुन्हा निघतील, आणि कोणा बहिणीच्या कडेवर कोणी भाऊ पुन्हा बसेल. त्यापूर्वी निदान एका भट्टीवर पाळणा टांगला जावा, इतकी खटपट आमच्या वाचकांपैकी कोणी केली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.